धाप लागलेला राजा

९ जानेवारी

दादा,

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुला कळवायला हवं म्हणून लिहिते आहे. फोनवर तुझं-माझं बोलणं दुसऱ्याच वाक्याला घसरतं. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आई मजेत आहे. काळा चष्मा लावून खिडकीशी बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर हुकूम सोडते. तू पाठवलेली शाल तिची शेजारणींना दाखवून झाली. शाल पाठवणारा कधी दिसणार, हे कुणी विचारलं की मात्र तिला ऐकू येत नाही. ऑपरेशन डोळ्यांचं झालं, परिणाम कानांवर झाला.

डबिंग स्टुडिओचं बरं चाललंय. तू इथून गेलास, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि तीन चांगले आवाज बरोबर घेऊन गेलास, तेव्हा आता कुलूपच लागणार असं सगळे म्हणत होते. लागलं नाही. आणि आता आपल्याकडे मोठं काम आलंय. 'आपल्याकडे' सवयीनं लिहिलं. माझ्याकडे.

सरदारांचा चित्रपट आहे. चिलखतं, ढाली, डोंगरावरचा किल्ला, एक म्हातारा राजा, त्याचा पंधरा वर्षांचा राजपुत्र, आणि शेवटी मोठी लढाई. तो सगळा आपल्या भाषेत बोलता करायचाय. तू म्हणशील, लोखंडी कपड्यांतली माणसं आता कोण बघतं? मी बघते. आईमुळे बघते, आणि तूही आईमुळेच बघायचास.

आठवतं ना? आपल्या कोपऱ्यावरच्या थिएटरात असले परदेशी चित्रपट लागायचे. कपडे धुण्याच्या कारखान्यातून सुटली की आई आपल्याला थेट तिकडे न्यायची. पडद्यावरचा एक शब्द तिला कळायचा नाही, पण कोण काय म्हणतंय ते ती आपल्या कानात धडाधड सांगायची. तिचा राजा लढाईच्या आधी सैन्याला विचारायचा, "सगळे जेवलात ना रे?" तिचा खलनायक म्हणायचा, "मला नका सांगू, मला सगळं ठाऊक आहे," आणि तो हुबेहूब तिच्या कारखान्याच्या मॅनेजरसारखा बोलायचा. मागच्या रांगेतले आधी चिडायचे. मग एकदा त्यातल्याच एकानं पुढे वाकून सांगितलं, "बाई, जरा मोठ्यानं सांगा." आपल्या घराण्यातलं पहिलं डबिंग तेच.

राजाचा आवाज नगारेकाका देणार आहेत. तुला-मला माईकसमोर पहिल्यांदा त्यांनीच उभं केलं, त्यामुळे ते परत उभे राहताहेत हे ऐकून तुला बरं वाटेल. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज थोडा बदललाय. तेवढंच.

आईला फोन कर. माझ्याशी बोलावंच लागेल असं नाही.

– चिमणी


२ फेब्रुवारी

दादा,

तुझा फोन आला होता म्हणे. आई दिवसभर गुणगुणत होती. माझं पत्र मिळाल्याचं तू तिला सांगितलंस, उत्तराबद्दल काही बोलला नाहीस. हरकत नाही. मी लिहीत राहते.

काकांचा आवाज थोडा बदललाय असं मी लिहिलं होतं. खरं सांगायचं तर नगारा फुटलाय. ज्या माणसानं नुसतं "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं की काचा थरथरायच्या, त्यांच्या घशातून आता कागदावर कागद घासल्यासारखा आवाज येतो. त्यात दम पुरत नाही. चार शब्द झाले की थांबावं लागतं.

मग त्यांनाच का घेतलं, हा तुझा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतो. दया म्हणून घेतलं असं तुला वाटेल, बऱ्याच जणांना वाटलंय. पण मी त्या राजाला नीट पाहिलंय. म्हातारा आहे, छातीत जुनी जखम आहे, किल्ल्याचा जिना चढताना भिंतीला हात लावतो. सगळे सरदार त्याच्याहून धडधाकट आहेत, आणि तरी सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. अशा माणसाच्या तोंडी घणघणीत आवाज घातला तर तो जाहिरातीतला आजोबा वाटेल.

पहिले काही दिवस मात्र वाईट गेले. राजाचं एक मोठं वाक्य आहे, लढाईला निघतानाचं. भाषांतर करणाऱ्या बाईंनी ते असं लिहून दिलं होतं: "सेनानायकाने सैन्याच्या अग्रभागी राहून संकटास सामोरे जाणे हेच त्याचे परमकर्तव्य होय." आमचा रेकॉर्डिस्ट, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, हेडफोन काढून म्हणाला की हे ऐकून राजाचा घोडासुद्धा उभ्याउभ्या झोपेल. बाई स्वतःच हसल्या. पण हसून काय होणार? काका 'अग्रभागी'पर्यंत पोचायचे आणि दम संपायचा. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी काका स्टुलावर बसले. कपाळाला घाम. काचेतून माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, माझ्यापायी तुझं काम अडतंय. दुसरा माणूस बघ. मला वाईट वाटणार नाही."

त्यांना वाईट वाटणार होतं. मी आत गेले आणि त्यांच्याशेजारी बसले. वाक्य बाजूला ठेवू, म्हटलं, या माणसाला सांगायचंय काय? काका म्हणाले, सांगायचंय हेच की मी तुम्हाला पाठवत नाही, घेऊन जातोय. बाई काचेपलीकडून ऐकत होत्या. त्यांनी कागद ओढला, खोडलं, लिहिलं, परत खोडलं. कानसेन पडद्यावर राजाचे ओठ पुढे-मागे करून शब्द बसतात का ते बघत होता. मी मध्येच एक शब्द सुचवला, काकांनी तो काढून टाकला. असं करत करत जे उरलं ते हे:

"मी मागे राहून 'जा' म्हणणार नाही. पुढे जाऊन 'या' म्हणेन."

काकांनी दोन दमांत म्हटलं. मधे जी धाप लागली ती राजाचीच होती. कानसेननं रेकॉर्डिंग थांबवलं. मग म्हणाला, "घेतलं."

वितरक कंपनीचे साहेब पुढल्या आठवड्यात ऐकायला येणार आहेत. मला काळजी अजिबात नाही.

– चिमणी


१६ फेब्रुवारी

दादा,

आज इकडचं-तिकडचं लिहायला काही सुचत नाही.

साहेब येऊन गेले. त्यांनी काकांचा राजा ऐकला आणि एवढंच म्हणाले, "हा राजा आजारी वाटतो." मी म्हटलं, तो आजारीच आहे. ते म्हणाले, प्रेक्षकांना आजारी राजा नको असतो. मग त्यांनी स्वतःच्या फोनवर काहीतरी लावलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

तुझा आवाज होता. राजाची तीन वाक्यं, त्यातलं शेवटचं मरतानाचं. बाईंच्या जुन्या कागदावरची, 'परमकर्तव्या'सकट. तो कागद साहेबांकडे डिसेंबरातच गेला होता.

म्हणजे मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तुला हे काम ठाऊक होतं. कदाचित तेव्हाच तू नमुना पाठवून मोकळा झाला होतास. आणि आता माझंही ऐक. साहेबांना तुझा विचार करायचाय, ही कुणकुण मलाही तेव्हाच लागली होती. काकांबद्दल तुला एवढं लिहीत होते ते उगाच नाही. माझी आशा होती की तू स्वतःहून म्हणशील, 'नको, काका आहेत ना.' तू म्हणाला नाहीस.

नमुना छान होता. खरंच छान होता. 'परमकर्तव्य' इतकं गोड म्हणणारा माणूस दुसरा नाही. पण दादा, तुझा राजा मरत नव्हता. तो मरतानाही उत्तम बोलत होता.

साहेबांनी सरळ सांगितलं: राजा बदला, नाहीतर पुढचे चित्रपट दुसऱ्या स्टुडिओकडे जातील, आणि हाही काढून घेतला जाऊ शकतो. दोन दिवसांत कळवा.

मी दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. काकांनाही. त्यांच्या पाठीमागे काही ठरवायचं नव्हतं. जे होतं ते तसंच सांगितलं, साहेब काय म्हणाले ते, तुझ्या नमुन्याचंही. मग म्हटलं, मी काकांना बदलणार नाही. हे माझं ठरलंय, त्यावर चर्चा नाही. पण याची झळ तुम्हाला लागेल आणि ती मला परस्पर तुमच्यावर लादायची नाही. ज्याला दुसरीकडे काम घ्यायचंय त्यानं आजच जावं. मी त्याला वाईट म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही.

बोलताना मनात आलं, हा प्रसंग मी शंभरदा बघितलाय. तंबूत सगळे जमतात, राजा म्हणतो ज्याला जायचंय त्यानं जावं, आणि एकही जण हलत नाही. पडद्यावर ते पाहताना अंगावर काटा येतो. खोलीत उभं राहून ते बोलताना प्रत्येकाच्या घरचा खर्च आठवतो, एवढाच फरक.

आणि पडद्यावर कुणी हलत नाही, इथे एक जण हलला. राजपुत्राचा आवाज देणारा आमचा पोरगेला गडी उभा राहिला. त्याच्या घरी नुकतं बाळ आलंय. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला हे झेपणार नाही." मी त्याला दारापर्यंत सोडलं, आणि बाळाला बघायला येईन म्हणाले. खरंच जाणार आहे.

परत आले तर बाकीचे सगळे तिथेच. कुणी भाषण केलं नाही. कानसेन उठला, काकांचा स्टूल उचलून आतल्या खोलीत ठेवला आणि त्यांना म्हणाला, "काका, माईकपासून वीतभर मागे बसा. तुमची धाप मला नीट हवीये, फुरफुर नको." बाईंनी चहा सांगितला. काका रडले नाहीत. ते म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय." पण जागचे उठेपर्यंत त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

तू मला नेहमी विचारायचास की या चित्रपटांत तुला एवढं काय दिसतं? तलवारी सारख्याच, किल्ले सारखेच. आज उत्तर देते. घर असो, दुकान असो, कचेरी असो, प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतो. आणि तो बहुतेक वेळा म्हणतो, तू हो पुढे, मी बघतो काय होतं ते. आयुष्यभर असंच चालतं. मग माणूस तिकीट काढून अंधारात बसतो आणि डोक्यावरचा माणूस स्वतः पुढे होतो हे डोळे भरून बघतो. आई दिवसभर मॅनेजरची बोलणी खाऊन आपल्याला तिथे का न्यायची, ते मला आज त्या खोलीत उभी राहिल्यावर कळलं.

राजपुत्र आता मी म्हणणार आहे. पंधरा वर्षांच्या पोराला बाईचा आवाज चालतो.

साहेबांना कळवलं: राजा हाच. काढून घ्यायचं तर घ्या, पण आधी भरल्या थिएटरात एकदा दाखवा.

– चिमणी


११ मार्च

दादा,

चिडून लिहिलं होतं, पण त्यातला शब्दही मागे घेत नाही. आता पुढचं ऐक. आज मला घाई आहे, कारण आनंद फार झालाय.

साहेब माणूस कडक आहे, खोटा नाही. ते दाखवायला तयार झाले. काल दुपारी कोपऱ्यावरच्याच थिएटरात, नव्या खुर्च्या आणि जुनाच दरवाजा. प्रेक्षक त्यांनीच बोलावले होते. कॉलेजची पोरं, दुकानदार, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, एक अख्खी नर्सेसची रांग. आमच्यापैकी कुणीही आपण कोण ते सांगायचं नाही, अशी अट होती. आम्ही मागे बसलो, मधोमध आई. नव्या डोळ्यांनी तिचा हा पहिलाच चित्रपट. तिला शंभरदा बजावलं होतं की आज बोलायचं नाही.

राजाच्या पहिल्या वाक्याला पुढच्या रांगेत दोन पोरं फिसकन हसली. एकानं खोकून दाखवलं. काका माझ्या डाव्या बाजूला होते. त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी साहेबांच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही.

जिन्याच्या प्रसंगाला हसू बंद झालं. राजा भिंतीला हात लावून चढतो, वर पोचतो, आणि पहारेकऱ्याला विचारतो, "थंडी वाजते का रे?" मूळ चित्रपटात तो फक्त हवेबद्दल काहीतरी बोलतो. आईच्या 'जेवलात ना रे?'ची गोष्ट माझ्याकडून ऐकून बाईंनी ते बदललं होतं. काकांच्या त्या फाटक्या आवाजात तेवढे चार शब्द आले आणि नर्सेसच्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

मग लढाईची सकाळ. धुकं, घोडे, समोर दुप्पट सैन्य. राजा घोडा वळवतो आणि आपल्या माणसांकडे बघतो.

"मी मागे राहून 'जा' म्हणणार नाही."

धाप. दादा, त्या धापेत अख्ख्या थिएटरनं श्वास धरला. खोकणारी पोरंसुद्धा.

"पुढे जाऊन 'या' म्हणेन."

आणि थिएटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, ड्रायव्हर मंडळी उभी राहिली. पुढचा घोड्यांचा आवाज, ज्यावर कानसेननं दिवसेंदिवस जीव टाकला होता, तो कुणालाच ऐकू आला नाही, आणि कानसेन लहान मुलासारखा हसत होता. काकांनी खुर्चीचा दांडा सोडला. शेवटी राजा राजपुत्राच्या मांडीवर डोकं ठेवून जातो, तेव्हा राजपुत्राच्या तोंडी मी होते आणि माझ्या शेजारी राजा बसला होता, जिवंत, नाक शिंकरत. माझं काय झालं असेल ते तूच समज.

दिवे लागले. साहेब उठले, मागे आमच्या रांगेपर्यंत चालत आले आणि काकांसमोर उभे राहिले. म्हणाले, "मी चुकलो. राजा बदलायचा नाही." एवढंच. भरल्या थिएटरात, सगळ्यांच्या देखत. मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

काका उठायला लागले, साहेबांनी त्यांना उठू दिलं नाही. काका म्हणाले, "साहेब, आवाज गेला तेव्हा वाटलं मीच गेलो. पण नाही, काही उरलं होतं."

आणि आई? शेवटपर्यंत गप्प होती. बाहेर पडताना मी विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "आज मला काही सांगावं लागलं नाही. सगळं तेच सांगत होते."

– चिमणी


३० एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. इतक्या दिवसांत पहिलं, आणि चार ओळींचं. चित्रपट तू तिकीट काढून बघितलास, दोनदा बघितलास, आणि 'काकांसारखं मला जमलं नसतं' असं लिहिलंस. काकांना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला जमेल, फक्त आधी थोडं आजारी पडावं लागेल. मग खूप हसले, मग खोकले, मग पत्र माझ्याकडून मागून खिशात ठेवलं.

इकडची हकीकत विचारलीस. चित्रपट अजून उतरलेला नाही. शाळेच्या मैदानात पोरं धावण्याच्या शर्यतीआधी ते वाक्य म्हणतात, धापेसकट. जे मोठं गिऱ्हाईक तू घेऊन गेला होतास, त्या कंपनीचे लोक परवा विचारत आले होते. मी त्यांना म्हटलं, रांगेत या. बाळवाला आमचा गडी परत आलाय. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही, कानसेननं फक्त त्याचे हेडफोन पुसून ठेवले. आणि साहेबांनी दुसरा भागही आम्हालाच दिलाय.

आता तुझा प्रश्न. 'मी आलो तर माझ्यासाठी काही काम आहे का?' हे वाक्य लिहायला तुला किती त्रास झाला असेल ते मला ठाऊक आहे. मी तुझी बहीण आहे. म्हणून आढेवेढे न घेता सांगते.

दुसऱ्या भागात म्हातारा राजा नाही, तो गेला. मोठ्या सरदारांची कामं वाटून झाली आहेत आणि ती मी कुणाकडून काढून घेणार नाही. राजपुत्र पहिल्याच प्रसंगात गादीवर बसतो. तेव्हा तो सोळा वर्षांचा आहे, त्यामुळे आवाज माझाच राहील. त्याच्यापुढे सगळं सैन्य निष्ठेची शपथ घेतं. त्या गर्दीत भारदस्त आवाज कमी पडताहेत. एक जागा तुझी.

सोमवारी सकाळी दहाला सगळे एकाच माईकभोवती जमतात. गुडघे टेकायचे नाहीत, माईक उभ्या माणसाच्या उंचीवर लावलेला असतो.

– चिमणी